कळकलेलं वरण

"कळकलंय," भाऊ म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय कळकलंय?"

"वरण."

"अहो, वरण कुकरला लावलंय. स्टीलच्या डब्यात. स्टील कधी कळकतं का?"

भाऊंना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले, "स्टीलचा डबा आहे, भाऊ!"

"मग स्टील कळकलंय," ते म्हणाले आणि पाणी प्यायले. पाण्यालाही त्यांनी तोंड वाकडं केलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पितळेच्या भांड्याची आतली कल्हई उडाली की ताकात, आमटीत धातू उतरतो आणि जिभेवर एक घाणेरडी झिणझिणी राहते. कळकणं ते हेच. आमचं घर तांबटांचं, कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं. आमच्या घरी भांडं कळकू देणं म्हणजे न्हाव्याने दाढी वाढवून फिरण्यासारखं. त्यामुळे भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा आई शरमली. दुसऱ्यांदा केली तेव्हा तिने कल्हईवाल्या उस्मानभाईंना बोलावून सगळ्या पातेल्यांना कल्हई करून घेतली. तिसऱ्यांदा केली तेव्हा तिने पितळेची सगळी भांडी माळ्यावर टाकली आणि बाजारातून स्टील आणलं.

"तांबटाच्या घरात स्टील," भाऊ तेव्हा म्हणाले होते. "उद्या कागदाच्या पत्रावळीवर वाढा."

आठ महिने हे चाललं होतं. एकट्या चवीचं असतं तर आम्ही निभावून नेलं असतं. पण त्यांचा हात थरथरू लागला होता. ठोका चुकायचा. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके घालून खवले उठवायचे, त्याला आम्ही मठारकाम म्हणतो, आणि भाऊंचं मठारकाम असं की गिऱ्हाईक बोटं फिरवत बसायचं. आता त्या खवल्यांत मध्येच एखादा खड्डा दिसायचा. वार विसरायचे. सदाशिव पेठेतल्या एका गिऱ्हाइकाच्या बंबाला त्यांनी तोटी उलटी बसवली. तो बिचारा म्हणाला, "वडके, यातून पाणी वर उडणार का?" भाऊ म्हणाले, "कारंजं आहे. न्या."

गिऱ्हाईक हसलं. भाऊ हसले नाहीत. तो बंब त्यांनी परत घेतला, दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला आणि त्यावर गोणपाट टाकलं. ते मी पाहिलं.

कान तर कधीच गेले होते, पण ते कुणी मोजलं नाही. आमच्या आळीत साठीनंतर ज्याला ऐकू येतं त्याने आयुष्यात काम केलेलं नाही, असं समजतात. दिवसभर पंधरा हातोडे. बहिरेपण आमच्याकडे आजार नाही, पेन्शन आहे.

मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात तिघंच. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि मेंदूच्या आजारांवरची तीन पुस्तकं वाचून काढली होती. माझं निदान तयार होतं.

"मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं," मी भाऊंना ओरडून सांगितलं. "ते म्हणाले तर दुकान बंद. हातात हातोडा आणि हात असा. उद्या बोट जाईल."

"आणि मी काय करू? कीर्तनाला जाऊन बसू?"

"बसा की."

"मला ऐकू येत नाही," भाऊ म्हणाले. "तुला माहीत नसेल."

ते गेले त्यांच्या कामावर. पण त्या दिवशी ठोक्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच वेळ चालू राहिला, आणि मध्ये मध्ये थांबत होता.

*

डॉक्टर तरुण होते. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. भाऊंनी ते बघून, "कोबीचा गड्डा छान आहे," असं म्हटलं, आणि डॉक्टरांनी तिथूनच लिहायला सुरुवात केली.

आधी मला एक फॉर्म भरायचा होता. पूर्वीच्या शस्त्रक्रिया. मी लिहिलं: डावा खुबा बदलला, पाच वर्षांपूर्वी.

त्या वेळची गंमत आळीत अजून सांगतात. भाऊंचा खुबा झिजला होता. तांबट जमिनीवर बसतो, एक मांडी घालून, एक गुडघा वर घेऊन, पायाने भांडं धरून. तसं बसता येईना म्हणजे धंदा संपला. सर्जनने दोन सांधे टेबलावर ठेवले. एकात धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. दुसऱ्यात गोळाही धातूचा, वाटीही धातूची.

"प्लास्टिक?" भाऊ म्हणाले. "माझ्या अंगात? डॉक्टर, आमच्या आळीत दीडशे भट्ट्या होत्या. त्या कुणी विझवल्या माहितेय? प्लास्टिकच्या बादलीने. ती मी माझ्या कमरेत घालून फिरू?"

सर्जन हसले. धातूवर धातूचा सांधा नवा आहे, गोळा मोठा असतो, खाली बसायला उत्तम, असं म्हणाले. मग, मी रसायनशास्त्राची म्हणून, माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "प्लास्टिकपेक्षा धातूची झीज कमीच होणार." सर्जन म्हणाले, "अगदी बरोबर, मॅडम." सही मी केली. तीन महिन्यांनी भाऊ उकिडवे बसले, आणि आळीत पेढे वाटले गेले.

फॉर्मवर त्यासाठी एकच ओळ होती. मी एकच ओळ लिहिली.

"आजोबा, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं. मी कानाशी ओरडले.

"हिला सुट्टी आहे म्हणजे रविवार."

बुधवार होता. मी रजा काढली होती.

"एका मिनिटात जेवढ्या भाज्या आठवतील तेवढ्या सांगा."

"भाज्या बायकोला विचारा. मला भांडी विचारा."

"भाज्याच सांगा."

"वांगं," भाऊ म्हणाले. मग बराच वेळ गेला. "भरलं वांगं." त्यानंतर ते डॉक्टरांच्या टेबलावरची पितळी घंटी बघत राहिले. "हिला डाग लागलाय. चिंच लावा."

मग घड्याळ काढायचं होतं. भाऊंनी पेन्सिल घेतली आणि एका झटक्यात वर्तुळ ओढलं. हात थरथरत होता, पण वर्तुळ असं गोल की डॉक्टरांनी कागद उचलून जवळून पाहिला. पन्नास वर्षं ज्या हाताने गोल पत्रे कापले त्याला वर्तुळाचं काय. आकडे मात्र सगळे उजवीकडे गर्दी करून बसले. पंगतीत वाढपी ज्या बाजूने येतो तिकडे सगळ्यांनी सरकावं तसे. डावीकडचं घड्याळ रिकामं.

भाऊंनी ते पाहिलं. त्यांना कळलं काहीतरी चुकलंय. काय ते कळलं नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीखाली घेतला.

"आणखी काही तक्रार?" डॉक्टरांनी मला विचारलं.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. बहिरी माणसं बघतात तसे. "चव सांग की," ते म्हणाले.

"भाऊ, ते यांचं काम नाही."

"सांग तर. म्हणावं, तांबं नाही. तांबं मला कळतं. पितळ कळतं, कासं कळतं. हे चौथंच काहीतरी आहे. जिभेच्या मुळाशी येतं."

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "आईच्या स्वयंपाकाबद्दल आहे."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. वयोमानाने होणारा विसराळूपणा, अजून सुरुवात आहे, गोळ्या देतो, धोक्याचं काम थांबवा. हे त्यांनी मला सांगितलं, हळू आवाजात. हळू बोलायची गरज नव्हती.

रिक्षात शनिवारवाड्यापाशी भाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काय म्हणाला?"

"वयाचं आहे!"

"दुकान?"

"एक तारखेपासून बंद!"

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. भाऊंनी मान हलवली. घर आलं तेव्हा उतरता उतरता म्हणाले, "उस्मानला एकदा बोलव. माळ्यावरची पातेली काढ. शेवटचं."

*

उस्मानभाई रविवारी आले. भाऊंच्याच वयाचे. आयुष्यभर दोघांनी एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवली होती. भाऊ म्हणायचे, "मी भांडं घडवतो, हा त्याला पावडर लावतो." उस्मानभाई म्हणायचे, "वडकेशेठ, पावडर नसेल तर तुमचं भांडं विष आहे."

त्यांनी अंगणात भट्टी मांडली, पातेलं उचललं, उन्हाला धरलं, आत बोट फिरवलं आणि खाली ठेवलं. दुसरं घेतलं. तिसरं. भट्टी काही पेटवली नाही.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "याला काय करू? मी सहा महिन्यांपूर्वी केलेली कल्हई आहे. तोंड बघा यात."

"त्यांना सांगा," आई म्हणाली. "आठ महिने माझा स्वयंपाक कळकतोय. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, आता कळकतोय."

उस्मानभाईंनी थोडा विचार केला. "ताक आहे का? आंबट?"

ताक होतं. त्यांनी ते पातेल्यात ओतलं आणि आम्ही पाऊण तास बसलो. भाऊ आणि ते, दोघं ओरडून ओरडून कुणाकुणाच्या जुन्या भानगडी काढत होते; सगळ्या आळीला ऐकू जात होत्या आणि त्यातली निम्मी माणसं जिवंत होती. मग उस्मानभाईंनी चार वाट्यांत ताक ओतलं. स्वतः प्यायले. "चांगलंय." आई प्यायली. "चांगलंय." मी प्यायले. चांगलंच होतं.

भाऊ प्यायले. "कळकलंय."

"बघा!" आई म्हणाली.

उस्मानभाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी भाऊंच्या हातात काचेचा पेला दिला. खुणेने सांगितलं, चूळ भरा. भाऊंनी चूळ भरली. पुन्हा भरा. पुन्हा भरली. मग ते भाऊंच्या कानाशी वाकले.

"आता तोंडात काही नाही ना?"

"नाही."

"मग आता चव कशी आहे?"

भाऊंनी जीभ फिरवली. बराच वेळ फिरवली, खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखी.

"कळकलंय," ते म्हणाले.

"कशात कळकलंय, शेठ? भांडं कुठाय?"

उस्मानभाईंनी पातेली एकात एक घालायला घेतली. "वहिनी, तुमची भांडी साफ आहेत. धातू यांच्यातच कुठंतरी सुटतोय."

भाऊंना हे ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कुणास ठाऊक. ते एकदम खुलले. "मग मलाच कल्हई कर! टाक नवसागर आणि धर भट्टीवर!"

"धराच," आई म्हणाली. "मी भाता मारते."

सगळे हसले. मीही हसले. उस्मानभाई भाऊंच्या तोंडात वाकून बघत, कथील किती लागेल याचा अंदाज करत होते. हसता हसता माझ्या डोक्यात त्यांचं वाक्य पुन्हा आलं. धातू सुटतोय. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी झीज आणि गंज हा धडा बावीस वर्षं शिकवत होते. त्याच आठवड्यात शिकवला होता. दोन धातू, मध्ये खारट पाणी, सतत घर्षण. फळ्यावर आकृतीही काढली होती.

मी आत जाऊन कपाट उघडलं. दवाखान्याची जुनी फाइल तळाशी होती. डिस्चार्ज कार्डाच्या मागे सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर चिकटवलेला होता. कोबाल्ट. क्रोमियम. मोलिब्डेनम.

भाऊंनी नुसत्या जिभेवर ओळखलं होतं. चौथंच काहीतरी.

मी कपाटाशी खाली बसले. बाहेर उस्मानभाई आईला सांगत होते की कल्हईचं काही घेणार नाही, कारण केलीच नाही. पण ताक आणखी असेल तर घेईन.

*

रक्त मुंबईला पाठवावं लागलं. दहा दिवसांनी आकडा आला. कोबाल्ट लिटरमागे सात मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की सर्जन सावध होतात, असं मी तोवर वाचलं होतं. भाऊंचं एकशे बारा होतं.

सर्जन तेच होते. थोडे जाड झाले होते. "काय वडके, दुखतं का?"

"काय?"

"दुखतं का!" मी ओरडले.

"छे," भाऊ म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसून दाखवलं. सर्जन खूश झाले. "पाहिलंत? पाच वर्षांनी! सांधा उत्तम आहे, मॅडम."

मी रिपोर्ट पुढे ठेवला. मग मी सगळं सांगितलं: हात, विसरणं, घड्याळ, कान. आणि या वेळी चवही सांगितली. सर्वांत आधी सांगितली. सर्जननी रिपोर्ट दोनदा वाचला. असे सांधे परदेशात परत घेतायत असं ऐकलं होतं, म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले. "काढावा लागेल. आतली दांडी राहू दे. गोळा आणि वाटी बदलू. वाटी या वेळी..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी भाऊंच्या कानाशी गेले. "वाटी प्लास्टिकची घालणार! चालेल?"

भाऊ भिंतीकडे बघत राहिले. "बादलीने शेवटी गाठलंच," ते म्हणाले. "घाला."

ऑपरेशनमध्ये खुब्याभोवतीचं मांस काळं झालेलं निघालं. पातेल्याच्या बुडासारखं, असं सर्जन म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी शोधून काढलेली उपमा असावी. चौथ्या दिवशी आईने घरून पेज नेली. भाऊंनी चमचा तोंडात घातला. आई चमच्याकडे बघत होती, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायकोसुद्धा बघत होती. आईने तिला सगळं सांगून ठेवलं होतं.

"अळणी आहे," भाऊ म्हणाले.

आईने पिशवीतून मिठाची पुडी काढली. घरून आणली होती.

कान आले नाहीत. हृदय थोडं कमजोर झालं होतं, ते तसंच राहिलं. पण तीन महिन्यांनी एकदा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्यांनी गोल काढलेला मी पाहिला. आत बारा आकडे होते, ज्याच्या त्याच्या जागी. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी गोणपाट काढलं, बंबाची तोटी सुलटी केली आणि सदाशिव पेठेत स्वतः पोचवून आले.

काढलेला गोळा सर्जननी बरणीत घालून दिला होता. भाऊंनी तो दुकानात नेऊन उजेडात धरला, सगळीकडून फिरवला. "पॉलिश चांगलंय," ते म्हणाले. "हे बघ, इथं घासलाय. माल वाईट नाही. जोडी वाईट." गोळ्याला खाली भोक होतं. त्यात त्यांनी लोखंडी खुंटी बसवली, खुंटी लाकडी ठोकळ्यात ठोकली, आणि तयार झालेल्या त्या ऐरणीवर एक लहान तांब्या मठारायला घेतला. आळीतली माणसं बघायला यायची. भाऊ प्रत्येकाला सांगायचे, "माझा खुबा. हात लावून बघ, लाजू नको."

त्या तांब्यावर त्यांचे ठोके पडत असताना मी एकदा समोर बसले आणि म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी डॉक्टरांना चवीचं सांगितलं नाही. तुम्ही सांगत होता."

"काय?"

मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

"काय?"

मी उभी राहून ओरडले. "मी तुमचं ऐकलं नाही! चुकलं माझं!" समोरच्या दोन दुकानांतले हातोडे थांबले.

भाऊंनी तांब्या फिरवून पुढचा ठोका घातला. "पहिल्यांदाच कळलं होतं," ते म्हणाले. "चांगलं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं."

*

भाऊ या मार्गशीर्षात गेले. झोपेत, हृदयाने. आदल्या दिवशी आमटी तिखट झाल्याची तक्रार केली होती.

सावडायला मीच गेले. दुसरं कोण होतं. उस्मानभाई फाटकापर्यंत आले आणि बाहेर बाकावर बसले. स्मशानातल्या माणसाने ट्रे ओढून काढला. राखेत खुब्याची दांडी नव्या गोळ्यासकट सरळ पडली होती, जरा निळसर झालेली, बाकी तशीच. वाटीचं काहीही उरलं नव्हतं. मी शोधली. राखेत बोट फिरवून शोधली.

"ताई, हे लोखंड ठेवू का टाकू?" त्याने विचारलं.

"ठेवा. घेऊन जाणार आहे."

त्याने बाजूच्या गठ्ठ्यातून एक पारदर्शक पिशवी ओढली, फुंकर मारून उघडली आणि माझ्यापुढे धरली. "अस्थी यात घ्या. सोपं पडतं. सगळे यातच नेतात."

मी झोळीतून तांब्या काढला. कडेपर्यंत खवले, एकसारखे, कुठेही खड्डा नाही.

"नको," मी म्हणाले. सवयीने आवाज मोठाच लागला. पलीकडच्या चौथऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. "त्यांना प्लास्टिक चालत नाही."